जुनी गाडी तापायला लागली की आधी काय बघायचं

माझी गाडी १६ वर्षांची. मागे एकदा लांबच्या चढावर तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर जायला लागला आणि मी गॅरेजमध्ये नेली, तिथे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. मग वॉटर पंप बदलला. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी परत तेच. तिसऱ्या खेपेला सांगितलं की हेड (सिलिंडरच्या वरचा इंजिनचा भाग) उघडावं लागेल, इंजिन काम काढा. इतका खर्च ऐकून मी गाडी घरी आणली आणि रविवारी सकाळी थंड इंजिनवर स्वतः बॉनेट उघडून बसलो. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण काढून उलटं केलं तर आतलं रबर चपटं होऊन एका बाजूला चिरलेलं, आणि टाकीच्या तोंडाभोवती पांढरट हिरवी पापडी जमलेली, बोटाने खरवडली की पावडर निघत होती. नवीन झाकण लावलं, कूलंट भरलं, संपलं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तेही दोन वेळा.

झाकणाने एवढं काय बिघडतं असं वाटेल. तर साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पाणी-कूलंट अर्धं अर्धं केलं तर साधारण १०६-१०७ ला, पण सिस्टिममध्ये एक बारच्या आसपास म्हणजे १५ पीएसआय प्रेशर धरलं की तोच उकळबिंदू १२५ च्या वर जातो. हे प्रेशर धरायचं काम झाकण करतं. झाकण लीक असेल तर चढावर, जिथे इंजिन आधीच शंभरच्या पुढे असतं, तिथे कूलंट उकळून बाहेर पडतं, लेव्हल कमी होते, आणि मग खरंच गरम होतं. म्हणून पहिला पार्ट बदलायचाच असेल तर झाकण बदला, सगळ्यात स्वस्त तेच आहे. फक्त जुन्या झाकणावर जो आकडा छापलाय, ०.९ किंवा १.१ बार वगैरे, तोच घ्या. जास्त प्रेशरचं बसवलं तर जुने पाईप आणि रेडिएटरचे प्लास्टिकचे कोपरे फुटतात.

आता मूळ मुद्दा. गाडी गरम होते म्हटलं की लगेच कुठला पार्ट गेला यावर चर्चा सुरू होते, पण आधी विचारायचं ते हे की ती कधी गरम होते. एक आठवडा नुसतं लक्ष ठेवा, मोबाईलमध्ये लिहून ठेवलं तर अजून चांगलं. ट्रॅफिकमध्ये की हायवेवर, एसी लावल्यावर की एसीशिवाय, चालू केल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने, आणि हीटर लावला की काटा खाली येतो का. अर्धं निदान इथेच होतं.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते, तर नजर फॅनवर. पळताना हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभ्या गाडीत ती फॅनने ओढायची असते. गाडी उभी करा, इंजिन चालू, एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन फिरायला हवा. फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, मग एसी बंद करून काटा मधल्या रेषेच्या थोडा वर जाईपर्यंत थांबा आणि फॅन स्वतःहून लागतो का ते बघा. एसीला लागतो पण तापल्यावर लागत नाही तर टेम्परेचर सेन्सर किंवा स्विच. एसीलाही लागत नसेल तर फ्यूज, मग रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा छोटा स्विच (शेजारचा तसाच रिले काढून अदलाबदल करून बघा, फुकट टेस्ट आहे), मग मोटरच्या प्लगला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट. थेट दिल्यावरही गप्प असेल तर मोटर गेली. जुन्या मोटरचं एक असतं की ब्रश झिजलेले असतात, कधी फिरते कधी नाही, काठीने हलकी टकटक केली की फिरायला लागते, आणि गॅरेजमध्ये नेली की हमखास फिरते. अशी मोटर सरळ बदला. आणि हे सगळं करताना बोटं लांब ठेवा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक लागतो.

फॅन बेल्टवर चालणारा आणि मध्ये व्हिस्कस क्लच (गरम झाला की फॅनला घट्ट पकडणारा) असलेला असेल तर टेस्ट वेगळी. इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, चावी खिशात, आणि फॅन हाताने फिरवा. गरम असताना तो जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेलाय.

याच्या उलट, म्हणजे शहरात बरी पण हायवेवर, चढावर, लोड असताना तापते, तर फॅनचा संबंध कमी. तिथे उष्णता जास्त तयार होतेय आणि रेडिएटरला ती फेकता येत नाहीये, किंवा पाणी नीट फिरत नाहीये. जुन्या गाडीत बहुतेक वेळा रेडिएटर निघतो. बाहेरून बघा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, पाला यांचा थर बसलेला असतो, समोरून दिसतही नाही. पाण्याचा पाईप हलक्या प्रेशरने इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, जेट वॉशर जवळून मारू नका, पत्रे वाकतात. आतून चोक असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने गरम रेडिएटरवर पट्ट्यापट्ट्याने रीडिंग घ्या, सगळीकडे हळूहळू कमी होत जाणारं तापमान हवं, मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तिथल्या नळ्या बंद. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर चुकीचं दाखवतं, काळ्या भागावर किंवा रबरावर धरा. आतून चोक व्हायचं मुख्य कारण म्हणजे वर्षानुवर्षं ओतलेलं नळाचं पाणी, त्यातले क्षार किटलीत जमतात तसे आत जमतात.

दुसरा संशयित वॉटर पंप. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतला सील गेला की तिथून थेंब येतात, सुकून डाग पडतो. डाग दिसला की पंप गेलाच समजा. बेअरिंग गेलं तर पुली हलवल्यावर खेळते आणि आवाज येतो. पण काही पंपांमधला प्लास्टिकचा पंखा शाफ्टवर सैल होतो किंवा झिजतो, बाहेरून एकदम ठणठणीत, आत पाणी ढकलत नाही. याची एक खूण अशी की आयडलिंगला हीटर कोमट आणि रेस केल्यावर गरम. पण हीच खूण कूलंट कमी असल्याची किंवा एअर लॉकची, म्हणजे आत हवा अडकल्याची पण आहे, म्हणून आधी लेव्हल बघा, मग पंपावर जा. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून टाका, खोलायची मजुरी तीच लागते. रेडिएटरचा खालचा पाईप पण बघा, रेस केल्यावर तो आत चेपत असेल तर पंपाला पाणी मिळत नाही.

चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा कूलंटच नाहीये. रेडिएटरचा वरचा पाईप हाताने जपून तपासा. थंड इंजिन चालू केल्यावर वरचा पाईप बराच वेळ थंड राहतो, मग थर्मोस्टॅट उघडला, साधारण ८२ ते ९० अंशाच्या मध्ये, की तो भरभर गरम होतो आणि थोड्या वेळाने खालचाही कोमट होतो. काटा वर, इंजिन तापलेलं आणि रेडिएटर मात्र थंड, तर थर्मोस्टॅट. काढून खात्री करायची असेल तर जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा आणि गरम करा. अंगावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. तो उघडा अडकला तर त्रास उलटा होतो, गाडी गरमच होत नाही, हीटर कोमट, पेट्रोल जास्त पिते, आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१२८ कोड येतो. काही लोक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ‘आता कधी तापणार नाही’ म्हणून. नका करू. इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते, झीज वाढते. आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं ते वेगळंच.

काट्याबद्दल एक गोष्ट. काटा खरं सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच तो असा केलेला असतो की साधारण ७५ ते १०५ च्या मध्ये कुठेही असलं तरी काटा मधोमध स्थिर, उगाच गिऱ्हाईकाला धास्ती नको म्हणून. म्हणजे तो हलायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा छोटा स्कॅनर आणि मोबाईल ॲप, खरा आकडा दिसतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हा सॉकेट सक्तीचा आहे, बाकीकडे गाडीच्या वयावर अवलंबून, स्टिअरिंगच्या खाली हात घालून बघा. सपाट रस्त्यावर आकडा ८५ ते १०० च्या मध्ये आणि फॅन लागला की खाली, असं चाललं असेल तर निवांत राहा. आणि सगळ्यात फसवं काय, तर कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर पाण्यात नसून हवेत आहे, तेव्हा काटा वर जायच्या ऐवजी खाली पडतो. चढावर काटा अचानक थंडवर गेला आणि हीटरमधून गार हवा आली तर आनंद मानू नका, लगेच गाडी बाजूला घ्या.

सेन्सरवरच संशय असेल तर सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, चावी ऑन करून आकडा बघा. बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा. बाहेर २५ आणि सेन्सर ६० म्हणतोय तर तोच खोटारडा आहे. मल्टिमीटर असेल तर बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन ते तीन हजार ओहम आणि ९० च्या आसपास दोनशे ते तीनशे ओहम येतात, तापमान वाढलं की ओहम कमी होत जायला हवेत.

आता लीक. कूलंट बंद सिस्टिममध्ये असतं, ते ‘थोडं थोडं कमी होणारच’ असं काही नसतं. दर महिन्याला टाकी भरावी लागतेय म्हणजे कुठेतरी जातंय. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा टाका. सकाळी बघा डाग कुठल्या पार्टच्या खाली आहे. पाईप थंड असताना दाबून बघा, दाबल्यावर करकर आवाज आला किंवा फार मऊ लागला तर बदला. क्लॅम्पच्या कडेला, रेडिएटरच्या प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर सुकलेली रंगीत पापडी शोधा. आतून काचेवर चिकट वाफ धरत असेल, गोडसर वास येत असेल, पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटरची कॉईल. काहीच सापडत नसेल तर प्रेशर टेस्टर लावायला सांगा, थंड इंजिनवर झाकणाच्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं आणि १५ मिनिटं बघत बसायचं. प्रेशर पडतंय आणि बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी आत जातंय. लीक बंद करायची पावडर आणि लिक्विड मिळतं, ते मी तरी टाकत नाही, बारीक भोकं बुजवता बुजवता हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

पाणी आत जातंय म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधलं सील), ज्याची सगळ्यांना भीती. हेड गॅस्केट गेलं असं कुणी म्हटलं तर पुरावा मागा, आणि एका पुराव्यावर हेड उघडू देऊ नका. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा फेस दिसला म्हणून लोक घाबरतात, पण रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत थंडीत तो नुसत्या ओलाव्यानेही येतो. डिपस्टिक बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं दुधाळ असेल तर मामला गंभीर आणि ती गाडी चालू करू नका, बेअरिंग खाऊन टाकते. दुसरी खूण, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक होतो, अजून गरम व्हायला वेळ असताना. ते प्रेशर उष्णतेचं नाही, सिलिंडरमधला गॅस आत शिरतोय. तिसरी, थंड असतानाच झाकण उघडून चालू केली तर टाकीत बुडबुडे, आणि ते थांबतच नाहीत. सुरुवातीला थोडे आले तर अडकलेली हवा असू शकते. चौथी, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. थंड सकाळी दोन मिनिटं येणारी वाफ वेगळी, ती सगळ्याच गाड्यांना येते.

पक्कं करायला ब्लॉक टेस्टर येतो, निळं लिक्विड असलेली नळी टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, ज्वलनाचा गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. कूलंट त्यात जाऊ देऊ नका, रिझल्ट चुकतो. सोबत कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. ठणठणीत पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते १८० पीएसआय मिळतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर बहुतेक त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, वाढलं तर पिस्टनच्या रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट टाकून बंद करू देऊ नका, हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने बघायला सांगा, वाकलं असेल तर फेस मारायलाच (मशीनवर घासून सपाट करायलाच) लागतो, नाहीतर सहा महिन्यांत परत तिथेच.

आता इंजिनच्या बाजूने. कधी कूलिंग एकदम बरोबर असतं आणि इंजिनच जास्त उष्णता तयार करतंय. गाडी मिसिंग करते का (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, यालाच मिसफायर म्हणतात), पिकअप गेलाय का, हे पण बघा. पी०३०० म्हणजे कुठेही मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला, पी०३०२ दुसऱ्याला. पहिल्याची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगी देणारी) दुसऱ्यावर लावा, कोड दुसऱ्यावर सरकला तर कॉईल, नाही सरकला तर प्लग, मग इंजेक्टर. प्लग काढले की त्यांचा चेहरा वाचा, फिकट तपकिरी म्हणजे छान, काळा कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त, काळा तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, आणि चार प्लगमधला एकच एकदम धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, म्हणजे परत गॅस्केटकडे. पी०१७१ आला, मिक्स्चर लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, तर आधी व्हॅक्यूमचे रबरी पाईप बघा, जुन्या गाडीत ते बिस्किटासारखे तुटतात. धुराचा हिशोब सोपा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त. उतारावरून येऊन परत ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा ढग आला तर व्हॉल्व्ह सील, लोडवर सतत येत असेल तर रिंग. आणि हो, ब्रेक चिकटून बसलेला असेल तरी गाडी जड चालते आणि तापते, लांब जाऊन आल्यावर चारही रिमच्या जवळ हात नेऊन बघा, एकच चाक भट्टीसारखं असेल तर इंजिनला उगाच शिव्या देताय.

रस्त्यात काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, घाम फुटेल पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरत नसेल तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद. ‘जवळच आहे, पोचू’ यातच हेड वाकतात. झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही, आत शंभरच्या वरचं पाणी प्रेशरखाली असतं, झाकण सुटलं की सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी पण ओतू नका, धातूला तडा जातो. पूर्ण थंड होऊ द्या, जाड फडकं टाकून झाकण हळू सैल करा, हिस्स थांबला की मग काढा.

काम झाल्यावर भरणं पण नीट करा, कारण निम्म्या वेळा नवीन पार्ट टाकूनही गाडी तापते ती आत राहिलेल्या हवेमुळे. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंगाचा काही नियम नाही, दोन कंपन्यांचं हिरवं वेगळं असतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात अर्धं अर्धं करा. जुनं उघड्यावर टाकू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे. गाडीचं तोंड थोडं चढाला करून उभी करा, हीटर फुल गरमवर, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर काढायचा स्क्रू) असेल तर सैल, आणि हळूहळू भरा. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. मग झाकण काढूनच इंजिन चालू करा, वरचा पाईप जपून दाबत राहा, लेव्हल खाली जाईल तसं घाला. वरचा पाईप गरम व्हायला लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय, लगेच झाकण लावा आणि मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत बघा, बहुतेक पाव अर्धा लिटर अजून मावतं. माझ्या गाडीत झाकण बदलल्यावर तिसऱ्या सकाळपर्यंत थोडं थोडं लागत होतं, चौथ्या दिवसापासून लेव्हल टाकीवरच्या वरच्या रेघेला जी टेकली ती अजून तिथेच आहे.